सहा-सहाने उतरणारा काटा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. सातपूरच्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं प्रेशर गेज तपासतेय. कारखान्यांतून आलेली मीटर टेबलावर लावायची, ठरावीक दाब द्यायचा आणि काटा कुठे थांबतो ते लिहायचं. काम सोपं आहे, पथ्य एकच. काटा जिथे असेल तेच लिहायचं, जिथे असायला हवा ते नाही. नवी पोरं इथेच चुकतात. दहा, वीस, तीस असं झरझर लिहून मोकळी होतात आणि मी तो कागद त्यांच्यासमोर फाडते. खरा काटा इतका शहाण्यासारखा कधीच वागत नाही. तो साडेनऊवर अडतो, मग एकदम एकवीसवर उडी मारतो. "वल्लरी मॅडमसमोर नीटनेटका कागद नेऊ नका," असं पोरं एकमेकांना सांगतात म्हणे. सांगोत बापडी.

माझा नवरा आल्हाद पाणबुड्या आहे. नाशिकमध्ये पाणबुड्या म्हटलं की लोक आधी हसतात, इथे कुठे समुद्र म्हणून विचारतात. मग मी त्यांना जिल्ह्यातली धरणं मोजून दाखवते. प्रत्येक धरणाची दारं कधी ना कधी अडकतात, जाळ्या तुंबतात, आणि कुणीतरी खाली जाऊन बघावं लागतं. तो खाली असतो तेव्हा मी सुट्टी टाकून काठावर बसते. कानाला हेडफोन, मांडीवर नोंदवही. तारेतून त्याचा आवाज वर येतो, माझा खाली जातो.

त्याच्या पाठीवरचं यंत्र साधं नाही. साध्या बाटलीने पोहणाऱ्याचा सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. आल्हादचं रिब्रीदर तोच श्वास फिरवून परत देतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड डब्यातले चुन्याचे दाणे शोषून घेतात आणि शरीराने जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढाच एका लहान बाटलीतून भरला जातो. दुसऱ्या लहान बाटलीत नुसती हवा असते. बुडबुडे नाहीत, म्हणून बंद जागेत छताचा गाळ पडत नाही, आणि माणूस तासन्‌तास खाली राहू शकतो. मास्कच्या आत डोळ्याच्या कोपऱ्याशी एक दिवा आहे. तो हिरवा असला की आत्ता जो श्वास आत चाललाय तो चांगला. पण बाटलीत किती उरलंय हे दिव्याला ठाऊक नसतं. पानात गरम पोळी पडली म्हणजे डब्यात पीठ आहे असं थोडंच? पीठ किती ते काटा सांगतो, छातीवर नळीला लटकणाऱ्या छोट्या गेजचा.

म्हणून आमचा नियम असा की दर दहा मिनिटांनी त्याने हातातलं काम थांबवायचं, गेज हाताने उचलून टॉर्चसमोर धरायचं आणि ऑक्सिजनचा आकडा मला सांगायचा. काटा दिसला नाही तर लगेच वर यायचं. नियम माझा. भांडण करून मान्य करून घेतलेला.

आता मंगळवारचं सांगायला हवं, कारण शुक्रवारी जे झालं त्याचं मूळ तिथे आहे. हरसूलच्या पुढे डोंगरात खैरपाड्याचं धरण आहे. तिथल्या पाणी सोडायच्या बुरुजात काम चालू होतं. मंगळवारी काटा एका दमात वीसने खाली आला. मी आल्हादला तडक वर बोलावलं. वर आल्यावर कळलं, काटा आधी अडकला होता आणि मग सुटला होता. गळती नाही, काही नाही. अर्धा दिवस फुकट गेला. दोर सांभाळणारे खाजाचाचा म्हणाले, "ताई, तुमचा काटा लय घाबरट हाय." सगळे हसले. आल्हादही हसला. परतताना हरसूलपासून त्र्यंबकपर्यंत मी बोलत होते आणि त्र्यंबकपासून नाशिकपर्यंत मी बोलत नव्हते. दुसरं जास्त वाईट, असं त्याचं मत आहे.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा बुरुजावर होतो. माघ संपत आला होता, तरी वाऱ्याला धार होती. बुरूज म्हणजे पाण्यात उभी केलेली काँक्रीटची विहीरच, सव्वीस मीटर खोल. तळाशी एक आडवं भुयार, जेमतेम कंबरेएवढ्या उंचीचं. त्याच्या तोंडाला लोखंडी गजांची जाळी, त्यातला एक गज कापून माणूस शिरेल एवढी फट केलेली. आत बारा मीटरवर दाराची खाच आणि त्या खाचेत पुरात वाहून आलेला सागाचा ओंडका अडकलेला. दार ना वर ना खाली. आल्हादने ओंडका कापायचा, मग क्रेनने दार ओढायचं, असं ठरलं होतं. पलीकडचं दुसरं दार बंद होतं, त्यामुळे पाण्याला ओढ नव्हती. हे मी शाखा अभियंता गायधनी साहेबांना तीनदा विचारलं. ढुंढिराज गायधनी हा सज्जन माणूस, तिसऱ्यांदाही न चिडता "हो मॅडम, बंद आहे" म्हणाला.

दोन गोष्टी मात्र मी सोडून दिल्या. एक म्हणजे आमचा दुसरा पाणबुड्या मयुरेश तापाने घरी झोपला होता, म्हणजे खाली काही झालं तर मदतीला जाणारं कुणी नव्हतं. दुसरी म्हणजे आणीबाणीची मोठी बाटली त्या फटीतून आत जात नव्हती, ती भुयाराच्या तोंडाशी जाळीला टांगायची ठरली. दोन्हींना मी नाही म्हणायला हवं होतं. पण क्रेन आज संध्याकाळपर्यंतच होती, आणि मंगळवारचं हसणं माझ्याही कानात होतं. मी मान डोलावली. नियम माझा आणि वाकवलाही मीच.

दहा चाळीसला तो पाण्यात उतरला. ऑक्सिजनचा दाब एकशे नव्वद बार.

दहा पन्नासला तो तळाशी होता. "एकशे चौऱ्याऐंशी." अकराला, "एकशे एकोणऐंशी." मग त्याने जाळीत अडकलेल्या फांद्या उपसल्या. धापा टाकत होता, ते मला ऐकू येत होतं. अकरा दहाला म्हणाला, "एकशे सत्तर. दमलो गं."

"मग जरा थांब."

"थांबलोय. बाटली जाळीला टांगली. आता आत शिरतो."

गजांच्या फटीतून त्याचं अंग घासत आत गेलं. लोखंडावर काहीतरी खरवडलं, त्याने एक शिवी हासडली, मग म्हणाला, "शिरलो." खाजाचाचांच्या हातातून दोर हळूहळू सरकत होता. चाचा सायखेड्याचे. गोदावरीच्या काठावर जन्म गेला, नदीने गिळलेली माणसं काढता काढता म्हातारे झाले. यंत्र-बिंत्र त्यांना कळत नाही, पण दोर हातात असला की पलीकडच्या माणसाची कूस वळलेलीही त्यांना कळते.

अकरा वीसला आकडा आला, "एकशे चौसष्ट." मग करवतीचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. पाण्याखाली लाकूड कापणं म्हणजे छळ असतो. हात जड होतात, भुसा डोळ्यांसमोर तरंगत राहतो. अकरा तीसला, "एकशे अठ्ठावन्न." अकरा चाळीसला, "एकशे बावन्न. अर्धा कापून झालाय."

मी खूश होते. सांगायला लाज वाटते, पण होते. काटा उड्या मारत नव्हता, नवरा वेळेवर आकडे देत होता, काम पुढे सरकत होतं. गायधनी साहेब माझ्या खांद्यावरून वहीत डोकावले आणि कौतुकाने म्हणाले, "वा! मंगळवारपेक्षा आज कसं छान चाललंय मॅडम. सहा-सहाने उतरतंय अगदी."

मी हसले. मग ते काय म्हणाले ते माझ्या डोक्यात उतरलं.

एकशे सत्तर, एकशे चौसष्ट, एकशे अठ्ठावन्न, एकशे बावन्न. सहा, सहा आणि सहा.

रिब्रीदरमध्ये ऑक्सिजन खोलीप्रमाणे कमी होत नाही, अंगमेहनतीप्रमाणे होतो. माणूस पडून राहिला तर चार-पाच, फांद्या उपसल्या तर नऊ. मग वीस मिनिटं करवत ओढणारा माणूस आणि नुसता सरपटत आत गेलेला माणूस दोघेही बरोबर सहा कसे खातील? माझ्या लॅबमध्ये एखाद्या पोराने असा कागद आणला असता तर मी तो वाचलाही नसता. आणि इथे मी स्वतःच्या अक्षरात तो लिहून काढला होता.

पण नुसत्या संशयावर वर बोलवायचं? पुन्हा मंगळवार? मी घड्याळात बघितलं. अकरा त्रेचाळीस, आकड्याची वेळ नव्हती. बोलण्याचं बटण दाबून मी शक्य तितक्या सहज विचारलं, "आल्हाद, आत्ता किती?"

"दीडशे," तो म्हणाला.

लगेच म्हणाला. आणि करवत थांबली नाही.

खर्र, खर्र, खर्र. गेज उचलायला एक हात लागतो. टॉर्च त्यावर धरायला दुसरा. करवत न थांबता काटा बघायचा तर तिसरा हात हवा. मग माझ्या लक्षात आलं, अकरा वीसनंतरच्या एकाही आकड्याला करवत थांबली नव्हती. मी तो आवाज वीस मिनिटं कानात घेऊन बसले होते आणि ऐकला नव्हता.

डोक्यात तिडीक गेली. बटणावर अंगठा होता, जिभेवर सगळं तयार होतं, अक्कल गहाण ठेवलीस का इथपासून सुरुवात. तोंड उघडलं आणि तसंच थांबलं. कारण तो खोटं का बोलतोय, हे मला लख्ख कळलं. काटा दिसत नाही म्हटलं असतं तर मी वर बोलावलं असतं. मंगळवारसारखं सगळं बंद पडलं असतं, सगळे हसले असते आणि त्र्यंबकपासून नाशिकपर्यंत मी बोलले नसते. मी आत्ता ओरडले तर तो आणखी एक नीटनेटका आकडा देईल. आणि खरा आकडा काय आहे ते त्यालाही माहीत नाही.

मी अंगठा दाबला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मऊ होता.

"आल्हाद, मी ओरडणार नाही. काटा दिसतोय का तुला?"

करवत थांबली.

तारेत फक्त त्याचा श्वास. आत, बाहेर. गायधनी साहेब माझ्याकडे बघत होते. चाचांनी दोर दोन्ही हातांत धरला.

"नाही," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"शिरल्यापासून. फटीतून येताना गेजची नळी मागे गेली, पाठीवरच्या यंत्राखाली. हात पोचत नाही. परत बाहेर जाऊन आलो असतो तर वीस मिनिटं गेली असती, म्हणून हिशोबाने सांगत होतो." मग घाईने म्हणाला, "दिवा हिरवा आहे पण. श्वास ठीक आहे."

"करवत सोड. मागे फिर."

"वल्लरी, एवढंच राहिलंय..."

"नळी गजांवर घासली तेव्हा मी आवाज ऐकलाय. ती सांध्यात कुठे सुटली असेल तर तुझी बाटली अर्धा तास गळतेय. भुयाराचं छत डोक्यावर आहे, बुडबुडे मला इथे दिसणार नाहीत. सोड ती करवत."

काहीतरी धातूचं काँक्रीटवर पडलं. "सोडली," तो म्हणाला. "निघालो."

त्या भुयारात वळायला जागा नाही. पोटावर पडून, पाय पुढे करून, उलटं सरपटायचं. बारा मीटर म्हणजे आमच्या घराच्या दारापासून जिन्यापर्यंतचं अंतर. चाचा दोर हळूहळू गोळा करायला लागले. एक हात, आणखी एक हात. मी मोजत होते. मीटर, दीड मीटर, दोन.

"दिवा?" मी विचारलं.

"हिरवा."

तीन मीटर. साडेतीन. त्याचा श्वास जोराचा झाला होता. उलटं सरपटणं करवतीपेक्षा दमवणारं असतं, आणि दमला की तो ऑक्सिजन खाणार. चार.

"दिवा?"

"हिरवा."

दोर थांबला. चाचांनी किंचित ताण दिला, परत सैल सोडला. "ताई, दोर बोलंना," ते हळू म्हणाले. "वढू का?"

"नाही! ओढायचं नाही. कुठे अडकला असेल तर आणखी आवळेल." मी बटण दाबलं. "आल्हाद, थांबलास का?"

"दम... दम खातोय."

"दिवा?"

"हिरवा."

तिसऱ्यांदा तोच शब्द, त्याच सुरात. आणि मला कळेना, यावर विश्वास ठेवायचा की नाही. थोड्या वेळापूर्वी एकशे अठ्ठावन्नसुद्धा त्याने याच सुरात सांगितलं होतं. सहा वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा नवऱ्याचा शब्द हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते. खरा असला तर ठीक. खोटा असला तर त्याच्याजवळ फार तर तीन-चार मिनिटं होती. ऑक्सिजन कमी झाला की माणसाला गुदमरल्यासारखं होत नाही. त्याला बरं वाटतं, झोप येते, आणि तो जातो.

चाचांनी दोर गायधनी साहेबांच्या हातात दिला आणि सदऱ्याची बटणं सोडायला घेतली.

"चाचा, सव्वीस मीटर आहे."

"गोदावरीत काय कमी हुतं का?"

"हे चाळीस वर्षांपूर्वीचं अंग नाही. दोर घ्या. तुमच्याशिवाय तो कुणाला कळत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, बटणं तशीच उघडी ठेवून दोर परत घेतला.

मी डोळे मिटले. समोर काही दिसत असलं की मला राग येतो, म्हणून मिटले.

"आल्हाद. लाल असला तरी चालेल. मला फक्त खरं सांग. मी इथेच आहे, मी काही म्हणणार नाही."

श्वास. श्वास.

"लाल," तो म्हणाला. "मघापासूनच लाल."

गायधनी साहेबांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. मी मात्र गंमत म्हणजे शांत झाले. खरं हातात आलं की मला काम करता येतं.

"छान. आता ऐक. डाव्या बाजूचं हवेचं बटण दाब. हवेच्या बाटलीचं. त्या खोलीवर हवेतला ऑक्सिजन पुरतो तुला. दाब, मला आवाज आला पाहिजे."

काही नाही. मग फिस्सकन आवाज आला. मोठा, सुंदर आवाज.

"ऐकला. तीन श्वास घे, परत दाब. मी दिव्याचा रंग विचारणार नाही, आकडा विचारणार नाही. मी फक्त ऐकणार आहे. आवाज आला नाही तर मला कळेल."

फिस्स. तीन श्वास. फिस्स. मी बोटांवर मोजत होते. पाचव्या फिस्सनंतर त्याचा आवाज जरा सुधारला. म्हणाला, "डोकं हलकं झालं होतं. आता कमी आहे."

"सरक."

दोर हलला. चाचा पुटपुटले, "चाललं, चाललं लेकरू." पाच मीटर. फिस्स. साडेसहा. फिस्स. मध्ये एकदा सहा श्वास झाले तरी आवाज आला नाही. मी बटणावर अंगठा ठेवला होता, ओठ चावले होते. सातव्याला आला. "हात अडकला होता," तो म्हणाला, मी विचारलं नसताना. नऊ मीटर. दहा. मग गजांवर यंत्र आपटल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "जाळी."

"हवेच्या बाटलीवर राहू नकोस. मोठ्या बाटलीची नळी मास्कला जोड."

"अजून आतच आहे. फटीत पाय गेलेत, कंबर अडलीय."

"घाई नको. नळी पुन्हा अडकली असेल. श्वास सोडून अंग बारीक कर."

"बटण दाबलं की अंग फुगतं."

हे मला सुचलंच नव्हतं. बटण दाबलं की छातीवरच्या पिशव्या फुगतात आणि फट अपुरी पडते. नाही दाबलं तर श्वास निकामी होतो. मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "एकदा भरून घेतो. मग सगळं सोडून एका दमात निघतो. तोवर बटण नाही. तू आवाजाची वाट बघू नकोस."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

माहीत नाही, हे उत्तर त्याने मला आजवर कधी दिलं नव्हतं. "बरं," मी म्हटलं.

फिस्स. मोठा श्वास. मग सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे, आणि त्यानंतर लोखंडावर रबर घासल्याचा आवाज, घासतच राहिलेला. बुरुजातल्या काळ्या पाण्यावर बुडबुड्यांचा एक पुंजका आला आणि फुटला. मी सेकंद मोजायला लागले आणि अकरावर मोजणं सोडून दिलं, कारण मोजण्याने काही होत नव्हतं. चाचांच्या हातातला दोर ताठ झाला. हेडफोनमध्ये काहीतरी ठणकन वाजलं. मग काहीच नाही.

मग फुस्सकन जोराचा श्वास, आणि लगेच बुरुजातलं पाणी उकळल्यासारखं बुडबुड्यांनी भरून गेलं. साध्या बाटलीचे बुडबुडे, मोठाले, गबाळे.

"जोडली," आल्हाद म्हणाला. "बाहेर आहे. बाटलीवर आहे."

चाचा मटकन खाली बसले, पण दोर सोडला नाही. गायधनी साहेब पाठ करून उभे राहिले आणि रुमालाने चष्मा पुसू लागले.

पुढचं सावकाश करायचं होतं. इतका वेळ खोल राहिलेल्या माणसाला सरळ वर आणत नाहीत, सहा मीटरवर बारा मिनिटं थांबवतात. तो थांबला. मोठ्या बाटलीला वेगळं गेज असतं, समोरच लटकणारं. मी विचारलं, "किती?"

"थांब हं. पट्टा आड येतोय." खूप वेळ काही नाही. "एकशे बावन्न. नाही, त्रेपन्न असेल. हात हलतोय माझा, काटाही हलतोय. बावन्न-त्रेपन्न धर."

इतका गबाळा आकडा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी तो तसाच लिहिला, बावन्न-त्रेपन्न. वरचे तीन आकडे आडवी रेघ मारून खोडले आणि पुढे लिहिलं, काटा पाहिला नाही. अक्षर वाकडं आलं.

पाऊण तासाने तो बुरुजाच्या पायऱ्यांवर बसला होता, ओठ निळसर, अंगावर चाचांची घोंगडी. मी त्याच्या यंत्राची नळी पाठीमागून सोडवली. गेजच्या सांध्याला बारीक चीर होती आणि काटा शून्यावर निजला होता. मी ते त्याच्यासमोर धरलं. त्याने बघितलं आणि नजर फिरवली. गायधनी साहेब क्रेनवाल्याला परत पाठवायला गेले. कुणी हसलं नाही.

मी यंत्र उचलून बाजूला ठेवलं, बाटल्यांचे कॉक बंद केले, पट्टे गुंडाळले. मला राग आला नव्हता. मला बोलताच येत नव्हतं.

"ओरड ना," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"वल्लरी, ओरड की एकदा. तू अशी गप्प राहिलीस की मला वाटतं मी अजून आतच आहे."

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. "एक विचारू? तुला पाण्याची भीती वाटली नाही आणि माझी वाटली?"

एरवी त्याने लगेच उत्तर दिलं असतं. काहीतरी गोड, चटकन, वेळ मारून नेणारं. या वेळी तो थांबला. घोंगडीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. खरंच आत बघत होता.

"हो," तो म्हणाला. "तुझी आधी वाटली. पाण्याची नंतर."

त्याने ते बघून सांगितलं होतं, हे मला कळलं. त्यावर खोडायला काही नव्हतं. मी तिथेच ओल्या पायरीवर त्याच्या शेजारी बसले आणि रडायला लागले. त्याचा गार हात माझ्या पाठीवर आला. चाचा आमच्याकडे पाठ करून दोर गुंडाळत राहिले.